स्कॅनची डावी बाजू

ऑपरेशनला आता सव्वादोन वर्षं झाली. मी बरा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागायला नको. दर सहा महिन्यांनी रक्त तपासतात आणि आकडा जिथे असायला हवा तिथे असतो.

प्रोस्टेटच्या कॅन्सरची माहिती हवी असेल तर ती इथे मिळणार नाही. ती डॉक्टरांकडे आहे आणि इंटरनेटवर तर गरजेपेक्षा जास्तच आहे. आमच्या हॉस्पिटलमध्ये महिन्यातून एकदा ऑपरेशन झालेले आणि व्हायचे असलेले पेशंट एकत्र बसतात. तिथल्या समुपदेशक बाईंनी मला म्हटलं, तुमचा अनुभव लिहून द्या, नव्यांना उपयोग होईल. मी चार महिने टाळलं. माझ्या अनुभवातला उपयोगाचा भाग एवढाच आहे, की मी जे केलं ते तुम्ही करू नका. हे एका ओळीत सांगून भागलं असतं. पण ते मी कसं केलं, हे सांगितल्याशिवाय कुणाला पटणार नाही. मलाही पटलं नसतं.

तपासणी

माझी मुलगी अमृता हिंजवडीला आयटीत आहे. तिच्या कंपनीच्या विम्यात आईवडिलांची वर्षातून एकदा सगळी तपासणी करून मिळायची. दोन वर्षं मी ती चुकवली. तिसऱ्या वर्षी तिने परस्पर अपॉइंटमेंट घेतली आणि मला फक्त वेळ कळवली. लघवीला वारंवार जावं लागतं हे मला माहीत होतं, पण ते मी वयाच्या खात्यावर टाकलं होतं. बिबवेवाडीच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या कंपूत कोण किती वेळा जातो यावर चेष्टा चालायची, आणि त्यात माझा नंबर काही पहिला नव्हता.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये एक आकडा ठळक अक्षरांत आला. मग दुसरे डॉक्टर, मग तुकडा काढून तपासणी. तिचा निकाल आणायला मी एकटाच गेलो. माझी बायको शैला महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, तिची सकाळची शाळा. रजा काढू का, असं तिने विचारलं होतं. मी म्हटलं, रिपोर्ट तर आणायचाय, त्यात दोन माणसांचं काय काम.

डॉक्टर चाळिशीचे, शांत बोलणारे. त्यांनी तो शब्द उच्चारला आणि पुढे पाच-सात मिनिटं बरंच काही सांगितलं. त्यातलं मला काहीही आठवत नाही. आठवतं ते त्यांच्या टेबलावरचं प्लॅस्टिकचं मॉडेल. त्यातली एक किडनी कुणीतरी काढून उलटी बसवली होती. मी हात पुढे केला, ती काढली आणि सरळ बसवली. डॉक्टर बोलायचे थांबले, मग म्हणाले, "काका, पाणी घेता का?"

शैला दीड वाजता घरी आली. मी तिला दारातच सांगितलं. तिने पर्स ठेवली, हातपाय धुतले आणि मी जेवलो का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, मग आधी जेवू. वरण वाढताना तिचा हात थांबला आणि ती रडली. मी रडलो नाही. मी तिला म्हटलं, "मी बघतो सगळं."

हे तीन शब्द मी आयुष्यभर वापरले. तेव्हा ते मला प्रेमाचे वाटायचे.

माझाच छेद

मी पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होतो. वर्ध्याकडच्या आमच्या वस्तीतला डिप्लोमा झालेला मी पहिला. पुण्यात आलो तेव्हा उभ्या बोर्डावर पेन्सिलने ड्रॉइंग काढायचे दिवस होते. पुढे नव्वदनंतर कॉम्प्युटर आले, बोर्ड भंगारात गेले, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना कंपनीने हार घालून, गोड बोलून घरी पाठवलं. मी घरी बसून कॉम्प्युटरवर काढायला शिकलो आणि भोसरीतल्या लहान वर्कशॉपना पुढे बारा-चौदा वर्षं ड्रॉइंग काढून दिली. पण हात पेन्सिलचाच राहिला. माझ्या शर्टाच्या खिशात आजही एक पेन्सिल आणि खोडरबराचा तुकडा असतो.

हे सांगायचं कारण पुढे येईल.

डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी एमआरआय करायला सांगितला. त्या मशीनची लोकांनी मला फार भीती घातली होती. आत कोंडल्यासारखं होतं, ठणाठणा आवाज होतो, एकाने तर अर्ध्यातून बाहेर काढायला लावलं होतं. कानात कापूस कोंबून मी आत गेलो, आणि त्या आवाजात मला आमच्या कारखान्यातलं पत्रे ठोकणारं प्रेस शॉप आठवलं. मी चक्क झोपलो. टेक्निशियनने बाहेर काढल्यावर विचारलं, काका, त्रास झाला का? मी म्हटलं, मध्येच बंद केलंत, हा त्रास झाला.

तीन दिवसांनी डॉक्टरांनी ती चित्रं पडद्यावर दाखवली. जन्मभर मी यंत्राच्या भागांचे छेद काढले होते. इथे माझाच छेद होता, एकामागून एक, वरून खाली. खोटं कशाला बोलू, पहिली दोन मिनिटं मला मौज वाटली. डावी बाजू कुठली, असं मी विचारलं. ते म्हणाले, "चित्रात उजवीकडे दिसते ती तुमची डावी. समोर उभ्या असलेल्या माणसाला दिसावं तसं असतं हे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पूर्वी पुष्कळशा गोष्टी पोट उघडल्यावर ठरवाव्या लागत. आता आधी बघता येतं आणि पुढे काय होईल याचा अंदाजही बराचसा बांधता येतो. अंदाजच, हे त्यांनी दोनदा बजावलं. माझ्या चित्रावरून त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, गाठ बहुतेक ग्रंथीच्या आतच आहे आणि काढता येण्यासारखी आहे. दुसरी, ग्रंथीच्या खालची मूत्रनळी माझ्यात आखूड आहे, त्यामुळे ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा यायला मला इतरांपेक्षा उशीर लागेल, महिने लागतील. आणि तिसरी, डाव्या बाजूला गाठ आवरणाला टेकली आहे, कदाचित बाहेर डोकावत असेल. तिथूनच नसांचा जुडगा जातो. नवराबायकोचा संबंध त्या नसांवर अवलंबून असतो.

दोन रस्ते होते. डाव्या नसा वाचवायचा प्रयत्न करायचा, पण मग थोडा रोग मागे राहण्याचा धोका, आणि तसं निघालं तर पुढे रेडिएशन. किंवा डावीकडून नसांसकट ऐसपैस काढून टाकायचं. उजवीकडच्या ते वाचवतीलच, पण माझं वय आणि मधुमेह बघता एका बाजूवर किती भिस्त ठेवायची, हे कुणी सांगू शकत नाही. कुठलाच रस्ता चूक नाही, असं ते म्हणाले.

"काका, हे ऑपरेशन तुमच्या एकट्याचं नाही. काकूंना घेऊन या. मी त्यांनाही हीच चित्रं दाखवीन. आठवडाभर विचार करा दोघं, काही घाई नाही."

त्यांनी एक फॉर्म दिला. त्यात लिहिलं होतं, की स्कॅनमधल्या गोष्टी पतिपत्नी दोघांना सांगितल्या आहेत आणि दोघांनी चर्चा करून निर्णय घेतला आहे. खाली दोन सह्यांच्या जागा होत्या.

फुली

आमच्या वस्तीत इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. मी शाळेत असल्यापासून. आईला, काकूला, शेजारच्या म्हाताऱ्यांना मी कागद वाचून दाखवायचो. खरं तर वाचून दाखवायचो नाही. मनात वाचायचो आणि सार सांगायचो. मग जिथे अंगठा लावायचा तिथे पेन्सिलने एक लहान फुली करून द्यायचो. आई त्या फुलीवर अंगठा टेकवायची. काय लिहिलंय हे तिने कधी विचारलं नाही. पोरगा शिकलाय, याचा तिला केवढा अभिमान होता.

लग्नानंतर ही फुली आमच्या घरातही आली. शैला बीएड झालेली. शाळेत पोरांच्या वह्या तपासताना वेलांटी चुकली तरी सोडायची नाही. पण घरातला कुठलाही फॉर्म, बँकेचा, विम्याचा, फ्लॅटच्या कराराचा, मी भरायचो आणि तिने सही कुठे करायची तिथे फुली करायचो. ती सही करायची, मी खोडरबराने फुली पुसायचो. तयार ड्रॉइंगवर पेन्सिलीची रेघ राहू द्यायची नाही, ही ऑफिसची शिस्त. चौतीस वर्षांत तिने एकदाही कागद उलटून पाहिला नाही. हा विश्वास आहे, असं आम्ही दोघंही समजत होतो.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? मी म्हटलं, रोग जागच्या जागी आहे, काढून टाकतील. ती म्हणाली, अजून काही? मी म्हटलं, लघवीचा त्रास होईल थोडे दिवस. दुसऱ्या गोष्टीचं मी निम्मं सांगितलं आणि तिसरी सांगितलीच नाही.

का, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलंय. पहिलं कारण लाज. त्या गोष्टीला आमच्या घरात शब्दच नव्हता. आणि जे आहे ते लिहायचं ठरवलंच आहे, तर हेही लिहितो: आमच्यात ते संपलेलं नव्हतं. उलट अमृताचं लग्न होऊन घर रिकामं झाल्यावर, रविवारच्या दुपारी, आम्ही एकमेकांना नव्याने सापडलो होतो. त्याबद्दलही आम्ही कधी बोललो नाही. चहा करायला कोण उठतं, एवढाच काय तो संवाद.

दुसरं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. मला तिच्या उत्तराची भीती होती, आणि दोन्ही उत्तरांची होती. ती म्हणाली असती नसा वाचवा, तर रोग मागे राहण्याची भीती माझ्या मानेवर बसली असती. ती म्हणाली असती, आता आपल्याला काय करायचंय त्याचं, तर ते मला ऐकवलं नसतं. म्हणून मी विचारलंच नाही. मीच ठरवलं, की या वयात तिला काही फरक पडणार नाही. तिच्या वतीने तिचं मन मी ठरवून टाकलं.

एप्रिल चालू होता. जेवणाच्या टेबलावर वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि ती लाल पेनने तपासत बसली होती. मी फॉर्म तिच्यासमोर सरकवला. फुली केलेली होतीच.

"कशाचा आहे?" तिने वर न बघता विचारलं.

"हॉस्पिटलचा. ऑपरेशनच्या आधी दोघांची सही लागते."

तिने निळं पेन शोधलं, फुलीवर सही केली आणि पुन्हा गठ्ठ्यातला पुढचा पेपर ओढला. मी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभा राहून फुली पुसली आणि खोडरबराचे कण फुंकून टाकले.

डॉक्टरांना मी सांगितलं, बोलणं झालं आमचं, डावीकडून सगळं काढून टाका. त्यांनी विचारलं, काकू का नाही आल्या? मी म्हटलं, त्यांची पेपर तपासणी चालू आहे. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. पण सही समोर होती.

नळी आणि पिशवी

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शैलाने घरी बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना घेतली. वर्ध्याहून माझ्या मोठ्या भावाचा फोन आला. जय भीम म्हटल्यावर त्याला पुढे काय बोलावं ते सुचेना, मग त्याने पुण्यात पाणी किती तास येतं ते विचारलं.

हॉस्पिटलच्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. शुद्धीवर आल्यापासून दर तासाला कुणीतरी येऊन एकच प्रश्न विचारायचं, गॅस पास झाला का? डॉक्टर, सिस्टर, जेवण आणणारी बाई, शेवटी खुद्द माझी मुलगी. अमृता खुर्चीत लॅपटॉप घेऊन, कानाला हेडफोन लावून तिच्या मीटिंगा करायची. तिसऱ्या दिवशी ती गोष्ट घडली तेव्हा तिने मीटिंगमधल्या लोकांना थांबायला सांगितलं आणि आईला फोन करून कळवलं. दहावीच्या निकालाला इतका आनंद झाला नव्हता आमच्या घरात.

दुसऱ्या दिवसापासून चालायला लावतात. एका हातात लघवीची पिशवी धरायची आणि पॅसेजमधून फेऱ्या मारायच्या. मला त्या पिशवीची फार शरम वाटायची. शैलाच्या ते लक्षात आलं. तिने घरून शबनम आणली, तिच्या शाळेची, वह्या न्यायची. पिशवी त्यात ठेवून ती स्वतःच्या खांद्याला अडकवायची आणि माझ्या बाजूने चालायची. नळी तेवढी पदराआड. बघणाऱ्याला वाटावं, कुणी शिक्षिका नवऱ्याला फिरवतेय. अशी बाई ही. हिला मी सांगितलं नव्हतं.

थोडे दिवस

दोन आठवड्यांनी नळी निघाली आणि खरी परीक्षा सुरू झाली. खोकलो की ओलं, उठलो की ओलं. मोठ्या माणसांचे डायपर मिळतात हे मला माहीत नव्हतं, ते आणायलाही शैलाच जायची. बाग बंद झाली. अमृताकडे जाणं बंद झालं, तिच्याकडे सोफे फिक्या रंगाचे. सांगितलेले व्यायाम मी रोज करत होतो, पण फरक दिसत नव्हता.

डॉक्टरांनी महिने लागतील म्हणून सांगितलंच होतं, त्यामुळे मी चिडत होतो पण घाबरलो नव्हतो. शैला मात्र घाबरली होती. तिला 'थोडे दिवस' माहीत होते आणि आता चार महिने होऊन गेले होते. ऑपरेशनमध्ये काही चुकलं असेल, किंवा रोग परत आला असेल आणि हे आपल्यापासून लपवतायत, असं तिने मनात धरलं. तिचं वजन उतरलं. अमृताने मला विचारलंही, आईला काय झालंय? मी म्हटलं, रिटायरमेंट जवळ आलीये, त्याचं असेल. शिवाय दुसरी गोष्ट होतीच. एका रविवारी दुपारी तिने माझ्या दंडावर हात ठेवला आणि मी कूस बदलली. का, ते मी सांगितलं नाही. तिने काय समजून घेतलं, ते मी विचारलं नाही.

पाचव्या महिन्यातल्या तपासणीला ती हट्टाने बरोबर आली.

वाचन

डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या तिने शाळेतल्या आवाजात सुरुवात केली. तुम्ही थोडे दिवस म्हणालात, आता पाच महिने झाले, काय चुकलंय ते आम्हाला स्पष्ट सांगा. डॉक्टर गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या किडनीच्या मॉडेलकडे पाहिलं.

"काकू, हे स्कॅनमध्ये आधीच दिसलं होतं," ते म्हणाले. "नळी आखूड आहे, उशीर लागणार हे आपण बोललो होतो. म्हणजे, तुम्ही दोघं बोलला होतात. डाव्या बाजूचं ठरवलं तेव्हाच." आणि त्यांनी फाइल उघडून तो फॉर्म तिच्यापुढे ठेवला. "ही तुमची सही."

शैलाने पर्समधून चष्मा काढला. ओळीखाली बोट धरून तिने तो फॉर्म वाचला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, पोरांचे निबंध तपासताना वाचते तसा. मग तिने डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले. डाव्या नसा कशासाठी असतात, हा पहिला. त्यांनी सांगितलं. दुसरा प्रश्न, काढून तपासल्यावर डावीकडे रोग बाहेर आलेला निघाला का.

डॉक्टर म्हणाले, नाही, आवरण शाबूत होतं. मग घाईने म्हणाले, पण हे काढल्यावरच कळतं, चित्रावरून शक्यता दिसत होती, तुम्ही निर्णय चुकीचा घेतला असं अजिबात समजू नका. मला हे तपासणीच्या रिपोर्टवरून आधीच कळलं होतं. तेही मी घरी सांगितलं नव्हतं.

आम्ही रिक्षाने परतलो. घरी येऊन तिने पोळ्या केल्या. आम्ही जेवलो. शेवटी ताटं उचलताना तीच बोलली.

"न वाचता सही केली, ती माझी चूक. पण फुली तुमची होती."

मी म्हटलं, तुला त्रास नको म्हणून...

"मला काय हवं, काय नको, हे तुम्ही परस्पर ठरवलंत. कॅन्सर तुम्हाला झाला होता, मान्य आहे. पण गेलं ते दोघांचं गेलं."

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, धीर करून, मी तिला विचारलं, की तेव्हा विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "ते तेव्हा विचारायचं होतं."

आता

लघवीवरचा ताबा अकराव्या महिन्यात आला. स्कॅनने सांगितल्यासारखाच, उशिरा पण आला. दुसरी गोष्ट आली नाही. गोळ्या घेऊन पाहिल्या, मग सोडल्या. त्या नसा वाचवल्या असत्या तर आली असती का, हे कुणी सांगू शकत नाही, आणि रोग मागे राहिला असता का, हेही नाही. मी त्याचा हिशोब मांडणं सोडून दिलंय. निर्णय कदाचित बरोबरही असेल. पण तो ज्या पद्धतीने घेतला ती चूक होती. ती कुठल्याच तपासणीत शाबूत निघणार नाही.

शैला माझ्याशी वाईट वागली असं एक दिवसही झालं नाही. फक्त आता ती फुलीवर सही करत नाही. सवयीने मी अजून फुली करतो. ती आधी माझ्या खिशातलं खोडरबर मागून घेते, फुली पुसते आणि मग चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला बसते. आमच्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटचे कागद तिने पाच दिवस वाचले. सेक्रेटरी रोज विचारायला यायचे. सहाव्या दिवशी तिने त्यांच्या हातात चुकांची यादी दिली, पान नंबरांसकट. इतकी वर्षं ही बाई न वाचता सही करत होती, याचं मला तेव्हा पहिल्यांदा नवल वाटलं.

गेल्या महिन्यात पेशंटांच्या बैठकीला मांजरी गावचे एक गृहस्थ आले होते. वय माझ्याएवढंच. मांडीवर एमआरआयचं मोठं पाकीट आणि वर तोच फॉर्म. मी विचारलं, वहिनी आल्या नाहीत?

"आलीय की. भाईर बाकड्यावर बसलीय," ते म्हणाले. "तिला काय कळतंय यातलं. मी सांगतो तिला काय सांगायचं ते."

मी त्यांना म्हटलं, आधी त्यांना आत बोलवा. ते म्हणाले, लाजंल ती. मी म्हटलं, लाजू द्या, लाज चार दिवसांत जाते. मग काय जात नाही ते मी त्यांना सांगितलं. अनोळखी माणसाला हे सगळं मी पहिल्यांदाच सांगितलं. ते बराच वेळ पाकिटाची कड चाचपत बसले, मग उठून बाहेर गेले आणि बायकोला घेऊन आले. बाई दारातच थबकल्या होत्या. समुपदेशक बाईंनी त्यांना खुर्ची दिली.

घरी आल्यावर शैलाने विचारलं, आज काय झालं? मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग आत गेली, कपाटाच्या मागून माझं ते पाकीट काढलं आणि गॅलरीच्या दाराशी उजेडात येऊन उभी राहिली. दोन वर्षं ते तिथे होतं, हे तिला ठाऊक होतं तर.

"दाखवा," ती म्हणाली.

मी फिल्म काचेवर धरली. हे मूत्राशय, ही ग्रंथी, ही खालची नळी, बघ किती आखूड आहे. तिने विचारलं, डावी बाजू कुठली? मी म्हटलं, समोरच्या माणसाला दिसते तशी. तिने बरोबर जागी बोट ठेवलं. मी म्हटलं, हो, तिथेच, ही गाठ इथे टेकलीये आणि नसा इथून जातात. दोन रस्ते होते, तेही सांगितले. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं तसंच, काही न गाळता.

ती बघत राहिली. माझा हात भरून आला तरी मी फिल्म खाली घेतली नाही.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

"एवढंच."

"पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत तुम्हाला."

मी हात खाली घेतला. तिने फिल्म माझ्या हातातून घेतली, पाकिटात नीट सरकवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी विचारलं असतंत, तर पेपर बाजूला ठेवले असते मी."